पावसाची आठवण कोणी ठेवायची?

वसंत व्याख्यानमालेचे दिवस आपल्याकडे उन्हाच्या तलखीचे असतात, आणि ऐकणाऱ्याचे निम्मे लक्ष व्यासपीठाकडे तर निम्मे आभाळाकडे असते. म्हणून आजचा विषय आम्ही आभाळापासूनच सुरू करतो. बोलावयाचे आहे ते यंत्रांच्या स्मरणशक्तीवर. पण यंत्र म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याच्या कचेऱ्या उभ्या राहतात, त्यांनी क्षणभर आपल्या शिवारातला पाऊस डोळ्यांपुढे आणावा.

एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे आपल्या राज्यात ती अतिवृष्टी समजली जाते, आणि नुकसानभरपाईचा विचार ह्या आकड्यापासून सुरू होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याची काय अवस्था झाली ते येथे जमलेल्यांस सांगावयास नको. कपाशी पाण्यात उभी, मिरचीची मुळे कुजलेली, बांध फुटलेले. हे सारे डोळ्यांना दिसते. पण कागदाला डोळे नसतात, कागदाला आकडा लागतो. पाऊस पडून गेला आणि आकडा उरला नाही, तर त्या शेतकऱ्याची बाजू मांडणारा एक साक्षीदार कमी झाला असे समजावे. हा साक्षीदार म्हणजे शिवारात उभे असलेले एक लहानसे यंत्र. आणि साक्षीदाराला स्मरणशक्ती किती व कशी असावी, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

जुने पर्जन्यमापक आपणांपैकी अनेकांनी तहसील कचेरीच्या आवारात पाहिले असेल. धातूचे नळकांडे, वर नरसाळे, आत बाटली. सकाळी साडेआठ वाजता कर्मचारी यायचा, बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतायचा आणि आकडा वहीत लिहायचा. ह्या उपकरणाला बुद्धी मुळीच नव्हती. पण त्याला स्मरण होते. रात्रीचा पाऊस सकाळपर्यंत बाटलीतच राहत असे. पाणी हीच नोंद! लिहिणारा अर्धा तास उशिरा आला तरी पाऊस कोठे पळून जात नसे.

२०१७ साली राज्यात ‘महावेध’ प्रकल्प सुरू झाला आणि महसूल मंडळांच्या ठिकाणी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. अशा केंद्रातले पर्जन्यमापक बहुधा निराळ्या जातीचे असते. त्यात बाटली नसते. लहान मुलांच्या सीसॉसारखे दोन पारड्यांचे एक चिमुकले पात्र असते. एका पारड्यात ठरावीक पाणी, समजा ०.२ मिलिमीटर पावसाइतके, साचले की ते कलते, पाणी खाली ओतून टाकते, आणि दुसरे पारडे नरसाळ्याखाली येते. प्रत्येक कलण्यासरशी यंत्राला विजेचा एक ठोका मिळतो. असे ३२५ ठोके झाले की ६५ मिलिमीटर पाऊस झाला.

युक्ती सुरेख आहे. माणूस नको, सकाळची वाट पाहावयास नको. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पारडे कलले, पाणी मातीत गेले. आता तो पाऊस आहे कोठे? तो केवळ यंत्राच्या आठवणीत आहे. बाटलीतला पाऊस पुन्हा मोजता येत होता, ठोक्यांतला पाऊस एकदा विसरला की कायमचा गेला. जुन्या उपकरणाची स्मृती काचेची होती, नव्याची विजेची आहे. आणि वीज कधी जाते ते आपणांस ठाऊकच आहे. जोराचा पाऊस, कडाडणारी वीज, जळलेली डीपी आणि गेलेली मोबाइलची रेंज ही चौघे बहुतेक वेळा एकाच रात्री येतात. ज्या रात्री साक्षीदाराने जागे असावयास हवे, नेमकी तीच रात्र त्याच्या परीक्षेची असते.

येथे कोणी विचारील की, यंत्राने स्वतः लक्षात ठेवावेच कशाला? प्रत्येक ठोका तत्काळ दूरच्या मोठ्या संगणकाकडे, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तिकडे, पाठवून मोकळे व्हावे. आरंभी विचार असाच होता. शिवारातले यंत्र मुके आणि स्वस्त ठेवावे, सारे शहाणपण शहरात ठेवावे. पण विहिरीवरच्या मोटरीचे उदाहरण घ्या. तीन फेजांपैकी एक गेली तर मोटर क्षणात बंद व्हावयास हवी, नाहीतर वायंडिंग जळते. त्या वेळी स्टार्टरमधल्या चिपने ‘मोटर बंद करू काय?’ असे मुंबईच्या संगणकास विचारीत बसावे, आणि रेंज नसल्यामुळे उत्तर येऊ नये, हे परवडणारे नाही. म्हणून थोडा विचार आणि थोडी साठवण, जेथे काम घडते तेथेच ठेवतात. ह्यालाच एज कॉम्प्युटिंग असे नाव आहे. एज म्हणजे कड, काठ. जाळ्याच्या मध्याशी मोठे संगणक. काठावर आपली विहीर, आपले पर्जन्यमापक, घरातला विजेचा मीटर. काठावरच्या यंत्राने हातातले काम स्वतः निभवावे आणि मध्याला सावकाश कळवावे, अशी ही वाटणी आहे.

काठावरच्या यंत्राची स्मृती कोणत्या प्रकारची असते हे समजण्यासाठी आपल्या बाजारातल्या आडत दुकानात चला. मिरचीची पोती उतरत असतात, तेव्हा मुनीम वजने पाटीवर भराभर टिपतो. दिवसाअखेर ती रोजकीर्दीत उतरवितो. आणि पुढे ज्याच्या त्याच्या नावे खतावणीत मांडतो. यंत्रातही ह्या तीन पायऱ्या आहेत. पहिली स्मृती रॅम. ती धूळपाटीसारखी: लिहिणे-पुसणे अतिशय जलद, कितीही वेळा करा, पण वारा आला की अक्षर गेले. येथे वारा म्हणजे वीज जाणे. दुसरी स्मृती फ्लॅश. ती रोजकीर्द: वीज गेली तरी अक्षर टिकते, पण लिहिणे सावकाश. तिसरी खतावणी दूर, क्लाउडमध्ये. काठावरच्या यंत्राचे सारे शहाणपण एवढ्यात आहे की, पाटीवरचे वहीत केव्हा उतरवावे, आणि वहीतले खतावणीत गेल्याची खात्री होण्यापूर्वी वहीचे पान फाडू नये.

आता जागा किती लागते त्याचा हिशेब करू. संगणकाच्या जागेचे माप बाइट हे आहे. रोमन लिपीतले एक अक्षर साठविण्यास एक बाइट पुरतो. आपल्या लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला प्रचलित पद्धतीत तीन लागतात. आमचे हवामान केंद्र दर दहा मिनिटांनी एक नोंद करते असे धरा. वेळेसाठी ४ बाइट. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा आणि बॅटरीची स्थिती ह्या सहांसाठी प्रत्येकी २. एकूण १६ बाइट. ‘सिल्लोड’ हा शब्द लिहावयास २१ बाइट लागतात. म्हणजे एका वेळचे सारे हवामान आपल्या गावाच्या नावाहूनही लहान जागेत मावते! दिवसाच्या १४४ नोंदींना २,३०४ बाइट, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ४१ हजार.

ही जागा थोडी की फार? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा आपल्या देशात घडविलेला संगणक कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिले. हजारो निर्वात नळ्यांच्या त्या यंत्राची स्मृती ४० अंकांचा एक, अशा २,०४८ शब्दांची होती. बाइटांत मांडले तर १०,२४०. आमच्या केंद्राचे पाच दिवससुद्धा तीत मावले नसते. आज ईएसपी-३२ नावाची नखाएवढी चिप काठावरच्या असंख्य उपकरणांत वापरली जाते. तिच्यात ५२० किलोबाइट रॅम असते, म्हणजे टिफ्रॅकच्या पन्नासपटीहून अधिक. आणि तिच्यासोबत बहुधा ४ मेगाबाइट फ्लॅश मिळते. तेवढ्या फ्लॅशमध्ये आमच्या केंद्राची जवळजवळ पाच वर्षे मावतात.

तेव्हा जागेचा प्रश्न सुटला असे वाटेल. तो सुटला नाही, तो केवळ बदलला. फ्लॅश ही विलक्षण वही आहे. तिच्यात नवी ओळ कोऱ्या जागी लिहिता येते. पण लिहिलेली एकच ओळ खोडून तेथे दुसरी लिहिता येत नाही. खोडावयाचे तर सबंध दस्ता, बहुधा ४,०९६ बाइटांचा, एकदम धुवावा लागतो. आणि प्रत्येक धुण्यासरशी कागद थोडा विरतो. ह्या जातीच्या फ्लॅशचा एक दस्ता सामान्यतः एक लाख वेळा धुता येतो. पुढे त्याचा भरवसा नाही.

एक लाख हा आकडा मोठा वाटतो. पण पावसाचा चालू आकडा एखाद्या कारागिराने एकाच दस्त्यावर दर सेकंदाला खोडून लिहिण्याची योजना केली, तर लाख धुणी अठ्ठावीस तासांच्या आतच संपतात. दर दहा मिनिटांनी केली तरी दोन वर्षांच्या आत. आता तीच चिप शहाण्या मुनिमाच्या हाती द्या. तो एका ओळीखाली दुसरी लिहितो. एका दस्त्यात २५६ नोंदी. दस्ता भरला की पुढचा. असे १,०२४ दस्ते भरून पहिल्यावर परत यावयास पाच वर्षे लागतात, आणि तेव्हा तो दस्ता पहिल्यांदा धुतला जातो. चिप तीच, जागा तीच, काम तेच. एक वही दोन वर्षांत विरते आणि दुसरी, निदान धुण्यामुळे तरी, विरत नाही. म्हणून उपकरण घेताना ‘स्मृती किती?’ एवढेच विचारून भागत नाही. ती कशी वापरली आहे हेही विचारावे लागते.

ही चूक केवळ लहान कारागिराची नव्हे. अमेरिकेत टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स ह्या मोटारींत पडद्यामागच्या संगणकाला ८ गिगाबाइटची फ्लॅश होती. आमच्या केंद्राच्या मानाने महासागरच! गाडी चालू असताना तीत नोंदी लिहिल्या-पुसल्या जात. काही वर्षांनी फ्लॅशची सहनशक्ती संपली, पडदे बंद पडू लागले, आणि मागचे दृश्य दाखविणारा कॅमेराही त्यांबरोबर गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. अतिलेखनाने वही झिजते, मग ती कितीही जाड असो.

तर मग क्वचित लिहावे काय? येथे दुसरी खोच आहे. ठोके धूळपाटीवर जमा होतात आणि दहा मिनिटांनी वहीत जातात. मधेच वीज गेली तर त्या दहा मिनिटांचे ठोके गेले. एरवी एवढ्याने बिघडत नाही. पण ढगफुटीसारखा पाऊस तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळत असेल तर दहा मिनिटांत १६ मिलिमीटरहून अधिक पडतो. प्रत्यक्षात ७२ मिलिमीटर पाऊस झाला आणि नेमकी ती दहा मिनिटे हरवली, तर नोंद सुमारे ५५ ची होते. बहात्तर ही अतिवृष्टी, पंचावन्न नव्हे. एका धूळपाटीवरून वारा गेला आणि सबंध मंडळाच्या शेतकऱ्यांची बाजू लंगडी झाली!

ह्यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. एफरॅम नावाची एक स्मृती मिळते. ती वीज गेली तरी विसरत नाही, आणि तीत लाख कोटी वेळांहून अधिक लिहिता येते. तिची जागा थोडी असते. पण ठोक्यांचा चालू आकडा ठेवण्यास थोडीच पुरते. प्रत्येक ठोका तीत, आणि दहा मिनिटांची बेरीज फ्लॅशमध्ये, अशी वाटणी केली म्हणजे दोन्ही साधते. दुसरा उपाय म्हणजे यंत्रात थोडी वीज धरून ठेवणारा एक घटक बसविणे. बाहेरची वीज गेल्याचे कळताच यंत्र तेवढ्या शिदोरीवर पाटीवरचे वहीत उतरवून घेते आणि मगच डोळे मिटते.

आता वहीतून खतावणीकडे. पत्र टाकले म्हणजे पोचले असे जुनी माणसे समजत नसत. महत्त्वाचे पत्र रजिस्टरने पाठवून पोचपावती जपून ठेवीत. यंत्रानेही तेच करावे. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यावा, आणि मध्याकडून त्या क्रमांकाची पोच येईपर्यंत मूळ नोंद सोडू नये. रेंज चार दिवस नसली तर पाचव्या दिवशी चार दिवसांच्या नोंदी क्रमाने जाव्यात. आणि नोंदीवर वेळ लागावी ती पोचल्याची नव्हे, पाऊस पडल्याची. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पहाटेचा पाऊस दुपारच्या नावे पडला तर एका दिवसाचा आकडा दोन दिवसांत फुटतो, आणि ६५ ची रेघ दोन्ही दिवशी हुकते. म्हणून यंत्राच्या घड्याळाला स्वतःची छोटी बॅटरी असावी. तारीख विसरलेला साक्षीदार अर्धाच साक्षीदार होय.

येथवर आकड्यांची गोष्ट झाली. पण यंत्राने पाहावे अशीही अपेक्षा आता होऊ लागली आहे: मिरचीच्या पानाचे चित्र घ्यावे आणि चुरडा-मुरडा आहे की नाही हे शेतातच सांगावे. चित्राची भूक मात्र वेगळी असते. ६४० ठिपके रुंद आणि ४८० ठिपके उंच अशा एका साध्या रंगीत चित्राला, न आवळता, ९ लाख २१ हजार ६०० बाइट लागतात. म्हणजे मिरचीच्या एका पानाला वर्षभराच्या हवामानाहून अधिक जागा! ते चित्र आमच्या चिपच्या रॅममध्ये मावतच नाही. म्हणून चित्र लहान करतात. २२४ ठिपक्यांच्या चौकोनाला दीड लाख बाइट पुरतात. रोग ओळखण्याची विद्या यंत्रात आकड्यांच्या रूपाने असते. असे दहा लाख आकडे, प्रत्येकी ४ बाइटांचे, म्हणजे ४० लाख बाइट होतात. आकड्यांची बारीक अचूकता सोडून प्रत्येकास एकच बाइट दिला तर दहा लाखांत भागते, आणि ओळखण्यात फरक बहुधा थोडाच पडतो. सराफाचा तराजू आणि धान्याचा काटा वेगळे असतात. मका गुंजेत मोजण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, मोठी स्मृती बसवा आणि ह्या काटकसरीतून सुटा. पण वाढीव रॅम वीज खाते, आणि काठावरचे यंत्र वीतभर सौर पाट्यावर ढगाळ आठवडे काढीत असते. शिवाय नुसत्या मोठ्या स्मृतीने वरचे दोष जात नाहीत, हे टेस्लाच्या गाड्यांनी दाखविलेच आहे. काय जपावे आणि काय सोडावे, हे ठरविल्यावाचून सुटका नाही. चित्रातून ‘रोग आहे’ हा निर्णय निघाला की सबंध चित्र ठेवण्याची गरज नसते. मात्र शंका उरली तर ते चित्र अवश्य ठेवावे, म्हणजे जाणत्या माणसाला तपासता येईल. पावसाच्या बाबतीत तर मूळ नोंदच पुरावा असते. तेथे नुसती सरासरी ठेवून मूळ फेकणे गैर होय.

आणि मध्यावरची खतावणी कायमची असते, असेही समजू नये. ह्याचा दाखला आपल्याच तालुक्याच्या वाटेवर आहे. अजिंठा गावी मुक्काम करून रॉबर्ट गिल ह्यांनी १८४४ पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करावयास घेतल्या आणि आयुष्याची वर्षे त्यात घातली. त्या नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी ह्यांनी ते काम पुन्हा केले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. राजधानीत ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, ही समजूत दोनदा जळाली. इकडे मूळ चित्रेही झिजत होती, हेही खरे. म्हणून काठ आणि मध्य ह्यांपैकी एकावर विसंबून चालत नाही. नोंद दोन्हीकडे असावी, आणि एकीकडची दुसरीवरून पडताळता यावी.

ह्या सर्व विवेचनाचे प्रयोजन आपणांस तंत्रज्ञ करावे हे नाही. पण गावात हवामान केंद्र उभे राहील, विहिरीवर नवा स्टार्टर येईल, तेव्हा चार प्रश्न विचारण्याचा अधिकार आपला आहे. रेंज नसताना हे किती दिवसांची नोंद धरून ठेवते? वीज अचानक गेली तर किती मिनिटांचे विसरते? लिहून लिहून त्याची स्मृती किती वर्षांत झिजते? आणि त्यात साठलेला मूळ आकडा, तंटा निघाल्यास, गावकऱ्यांना पाहावयास मिळतो काय? पहिल्या तिहींची उत्तरे कारखानदाराने द्यावयाची. चौथ्याचे उत्तर आपण मागितल्यावाचून कोणी देणार नाही.

जुन्या पर्जन्यमापकाच्या बाटलीत वाकून कोणालाही पाऊस पाहता येत असे. नव्या यंत्राने बाटली काढून घेतली, ह्याबद्दल आमची तक्रार नाही. ते रात्रंदिवस मोजते आणि कंटाळत नाही. आमचे मागणे इतकेच की, बाटली गेली तरी बाटलीचा गुण राहावा. सकाळी कोणी जाऊन पाहिले, तर रात्रीचा पाऊस तेथे असावयास हवा.